एका माणसाचं घर

शुभा साटमला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते भांडणात. भांडत मी होते. ती मागच्या बाकावर, दाराजवळ बसून ऐकत होती.

आमच्या करंजखोल गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. गावात आता कुलपं जास्त आणि माणसं कमी. माणसं सगळी भांडुप, मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला. पण गणपती आले की जो तो निघतो, आणि त्यासाठी मंडळ दर वर्षी गाड्या करतं. मी मंडळाची सहचिटणीस. म्हणजे चिटणीस हार घालून घेतात आणि शिव्या मी खाते.

त्या वर्षी शिव्या जरा जास्तच झाल्या होत्या. मोबाइलवर नोंदणी करायचं एक ॲप कुणाच्या तरी ओळखीने करून घेतलं होतं. रविवारी सकाळी नोंदणी उघडली, सगळ्या गावाने एकदम बटण दाबलं आणि ॲपने मान टाकली. जी नोंदणी झाली तीही अशी की विचारू नका. सीताराम घाडींची मुलं-सुना मुलुंडच्या गाडीत, आणि स्वतः सीताराम कुठेच नाहीत. एका घरात नवी नवरी गाडीत आणि नवरा बाहेर. गणपतीनंतरच्या सभेत, घाटकोपरच्या शाळेच्या वर्गात, सगळे माझ्या अंगावर आले आणि मी सगळ्यांच्या.

मी दमून खाली बसले तेव्हा मागून आवाज आला, "कुंदाताई, ते ॲप घरातली माणसं एकेक करून आत घेतंय. म्हणून असं होतं."

आवाज इतका हळू होता की दोनदा विचारावं लागलं. मग ती उभी राहिली. चष्मा, साधा कुर्ता, खांद्याला ऑफिसची बॅग, जणू सभेला आली नव्हती, निघाली होती.

"म्हणजे काय गं?" मी म्हटलं.

"घरात सात माणसं असतील तर ते सात वेळा जाऊन लिहून येतं. तेवढ्यात दुसऱ्या शंभर घरांची माणसं मध्ये घुसतात. चौथं माणूस लिहीपर्यंत गाडी भरते. उरलेले तिघं बाहेर." मग म्हणाली, "वाण्याकडून सात वस्तू आणायच्या तर तुम्ही सात वेळा जाता का?"

"मी एकदाही जात नाही, सुनेला पाठवते."

सगळे हसले. ती हसली नाही. उत्तर मिळालं असं समजून खाली बसली. पुढचं ॲप तिच्या गळ्यात पडलं ते तिथेच, आणि तिनेही नको म्हटलं नाही.

तोवर मला ती एवढीच माहीत होती, साटमांच्या राजेशची बायको. राजेश गेला त्याला काही वर्षं झाली होती. ऑफिसातच छातीत दुखलं आणि घरी आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. कांजूरमार्गला दोघांनी हौसेने घेतलेल्या घरात आता ती एकटीच राहायची. अंधेरीला एमआयडीसीत एका कंपनीत प्रोग्रॅमर होती, आठवड्यातले काही दिवस ऑफिसात आणि काही घरूनच काम.

मी तिच्या घरी पहिल्यांदा गेले ती ॲप बघायला. नंतर बऱ्याचदा गेले, आणि दर वेळी घरी परतताना माझं डोकं तिच्यावरच भणभणलेलं असायचं. घर लख्ख. इतकं लख्ख की बसायची भीती वाटावी. खिडक्या बंद, कारण वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा वास थेट आत येतो. माझ्या मुलुंडच्या घरात सात माणसं आहेत; मला शांतता हवी असली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसते. हिच्या घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायचा.

तिने माझ्यासाठी पोहे केले. वरून खोबरं घालायला फ्रीझरमधून डबा काढला, दगड झालेला. सुरीने खरवडत म्हणाली, "एकट्या माणसाला नारळ फोडायची चोरी, कुंदाताई. अर्धा संपतो, अर्ध्याला बुरशी. म्हणून खवून ठेवते." हे तिने तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं. सॉफ्टवेअरमध्ये एखादी अडचण असावी आणि त्यावर उपाय काढावा तसं सांगितलं. भाजीवाला पावशेराच्या खाली काही देत नाही, तर तिने शेजारच्या इमारतीतल्या एका बाईशी भेंडी अर्धी अर्धी वाटून घ्यायचं ठरवून टाकलं होतं. त्या बाईशी त्यापलीकडे ओळख नव्हती. पिशवी दाराच्या कडीला लावायची आणि यायचं. मला हे ऐकून रडू यायचं बाकी होतं, आणि ती मात्र अगदी सहज सांगत होती.

पण कामाबद्दल बोलायला लागली की तीच बाई वेगळी. खुर्ची पुढे ओढायची, हात हलवायची.

"हे बघा. आधी घर लिहायचं. घराला एक नंबर मिळतो. मग त्या नंबराखाली घरातली सगळी माणसं, एकाच दमात. एकेक नाही. गठ्ठा बांधायचा आणि तो एकदाच आत द्यायचा. सात फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं, म्हणून गर्दीतसुद्धा ॲप अडकत नाही."

"आणि गाडीत पाचच जागा असल्या तर?"

"तर कुणीच नाही. गठ्ठ्यातलं एक माणूस जरी आत गेलं नाही, तरी अख्खा गठ्ठा परत. घराचं नावसुद्धा पुसलं जातं, जणू कुणी बटण दाबलंच नव्हतं. मग त्यांनी दुसरी गाडी बघावी. पण अर्धं घर गाडीत आणि अर्धं बाहेर, असं नको."

"अर्धं घर नको" हे ती इतक्या ठासून म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले.

आणखी एक भानगड होती, ती मीच तिच्या कानावर घातली. आमच्याकडे लग्न झालेल्या पोरी गावातल्या गावात दिलेल्या. माहेरचे म्हणतात आमची पोर, सासरचे म्हणतात आमची सून, दोन्हीकडून नाव पडतं. एकच बाई दोन गाड्यांत, आणि ऐन वेळी एक सीट रिकामी जाते. शुभाने त्याचाही बंदोबस्त केला. मंडळातल्या प्रत्येकाला सभासद क्रमांक आहे, तान्ह्या पोरालासुद्धा. एक क्रमांक एकदाच. तो कुठेही आधी पडला असेल तर दुसऱ्यांदा आत जाणार नाही.

"आणि तू?" मी सहज विचारलं. "तू कुठल्या घरातून?"

ती लॅपटॉपकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाली, "बघू. साटमांनी घातलं तर."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. राजेशचा धाकटा भाऊ देवेश, त्याची बायको मानसी, त्यांची दोन मुलं आणि शुभाची सासू, हे सगळे भांडुपला राहतात. सासूला सगळे आईच म्हणतात. राजेश गेल्यावर मानसी शुभाला म्हणाली होती, आमच्याकडे राहायला या. मनापासून म्हणाली होती, मला माहीत आहे. मानसीच्या पोटात एक आणि ओठांवर एक असं नसतं. शुभा नको म्हणाली. तिला वाटलं, भांडुपच्या त्या दोन खोल्यांत आपण अडगळ होऊ. मानसीला वाटलं, हिला आमची दोन खोल्यांची जागा नको. पहिल्या वर्षी गणपतीला सुतक. नंतर लॉकडाऊन. त्यानंतर शुभाने ऑफिसचं कारण सांगितलं, एकदा आणि मग पुन्हा एकदा. त्यानंतर त्यांनी विचारायचं सोडलं आणि हिने सांगायचं. भांडण म्हणाल तर एक शब्दाचंही झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवायला काहीतरी हातात राहिलं असतं.

आणि या वर्षी तिला जायचं होतं. गावच्या त्या ओटीवर, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटवीखाली, सगळ्यांच्यात बसायचं होतं. हे तिने मला स्पष्ट सांगितलं, पोहे गार होईपर्यंत.

"मग फोन उचल आणि सांग ना मानसीला," मी म्हटलं. "हाय काय आन् नाय काय."

"नाही. त्यांनी आपणहून नाव घातलं तर जाईन त्यांच्याबरोबर. मी विचारणार नाही."

"डोकं फिरलंय तुझं. विचारलं तर नाही म्हणतील असं वाटतं का?"

"विचारलं तर हो म्हणतील, कुंदाताई," ती म्हणाली. "तेच तर. मग मला कधीच कळणार नाही."

मी चहा मागितला.

नोंदणीचा रविवार उजाडला. मी मुलुंडला घरी दोन फोन समोर ठेवून, पदर खोचून बसले होते, यंदा कोण कोण आईबहीण काढतं ते ऐकायला. दहा वाजता नोंदणी उघडली. एकही फोन वाजला नाही. मला वाटलं फोनच बंद पडले. सुनेच्या फोनवरून लावून बघितला, तर चालू. तासाभरात चारही गाड्या भरल्या. एकही घर फुटलं नाही, एकही नवरी नवऱ्यावाचून गाडीत चढली नाही. सीताराम घाडींनी तर आपणहून फोन करून "झकास" म्हटलं, आणि तो माणूस कुणाला चांगलं म्हणत नाही.

मी लगेच शुभाला फोन लावला. "अगं, कमाल केलीस!"

"हो. चाललं नीट." आवाज सपाट.

"काय झालं?"

"साटमांची नोंद आली. देवेश, मानसी, श्रुतिका, तिचा भाऊ. चौघं. माझं नाव नाही."

तीच पुढे म्हणाली, "जाणार आहे मी तरी. सकाळी नोंदणी उघडायच्या आधी सगळं चालतंय ना बघायला मी माझी एकटीची नोंद टाकून बघितली होती. घर, आणि त्याखाली एक माणूस. ती पुसायची राहून गेली, आता तशीच राहू दिली. घाटकोपरच्या गाडीत आहे."

"मानसीला विचारते मी," मी म्हटलं.

"तुम्हाला शपथ आहे." आणि फोन ठेवला.

शपथा मी फारशा मानत नाही, पण या वेळी मानली. मलाही मानसीचा राग आला होता. एवढं मोठं मन दाखवते आणि एक नाव टाकता येत नाही? भांडुपच्या बाजारात ती मला दिसली तर मी दुसऱ्या गल्लीतून जायची, इथवर माझं झालं होतं. आणि मग एक दिवस तिचाच फोन आला.

"कुंदाताई, तुमचं त्या शुभावहिनींशी जमतं ना? त्यांना माझा एक निरोप सांगा. आमच्याबरोबर यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं. मशीनकडून कशाला सांगितलं?"

"काय मशीनकडून? नीट बोल."

"नाव बंद करून ठेवलंय त्यांनी स्वतःचं! आम्ही सहा जणांची यादी टाकली. आई, आम्ही दोघं, मुलं आणि वहिनी. बटण दाबलं की एकच, नोंद झाली नाही, यादी तपासा. काय तपासा? किती वेळा टाकलं. मग देवेश एकेकाचं नाव काढून बघायला लागला. श्रुतिकाला काढलं, तरी तेच. आईंना काढलं, तरी तेच. वहिनींना काढलं आणि झटक्यात झालं. ॲप कुणी केलंय? त्यांनीच ना? मग अजून काय समजायचं आम्ही?"

मी फोन हातात धरून उभी राहिले. आईंसकट सहा म्हणाली ती. वहिनींना काढून पाच व्हायला हवेत. शुभा मला चौघं म्हणाली होती. पण ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण दुसरंच काहीतरी शिरलं होतं. मी सरळ रिक्षा केली आणि कांजूरमार्ग गाठलं. शपथ गेली खड्ड्यात.

शुभाचं घरून काम चालू होतं, कानाला हेडफोन. मी ते काढायला लावले आणि मानसी बोलली ते जसंच्या तसं सांगितलं.

ती आधी म्हणाली, "शक्यच नाही." मग लॅपटॉप ओढला. जे आत जात नाही तेही कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं म्हणे, का गेलं नाही त्यासकट. मला ती काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं कळत नव्हती, पण तिचा चेहरा कळत होता.

"हे बघा," ती म्हणाली. बोट पडद्यावर होतं. "साटम. सहा माणसं. परत. अडलेला क्रमांक..."

"कुणाचा?"

"माझा."

तिच्या एकटीच्या त्या नोंदीत तिचा सभासद क्रमांक आधीच पडला होता. एक क्रमांक एकदाच. देवेशने सहा जणांचा गठ्ठा आत दिला की त्यात तिचा क्रमांक सापडायचा, आणि अर्धं घर नको म्हणून अख्खा गठ्ठा परत. ॲपने तिने सांगितलं तेच केलं होतं, चोख. कुणामुळे अडलं तेवढं बाहेर दाखवायला हवं होतं, ते तिने वेळ नाही म्हणून पुढच्या वर्षावर टाकलं होतं. त्यामुळे बाहेर फक्त "यादी तपासा".

ती पडद्यावर खाली खाली जात राहिली. साटम, सहा माणसं, परत. साटम, सहा माणसं, परत. मग श्रुतिकाशिवाय, परत. आईंशिवाय, परत. प्रत्येक गठ्ठ्यात शेवटचं नाव शुभा राजेश साटम. तिकडे भांडुपला ते लोक तिचं नाव पुन्हा पुन्हा टाकत होते, अगदी त्याच वेळी ही इकडे बंद खिडक्यांच्या घरात बसून आपलं नाव का येत नाही म्हणून वाट बघत होती. तिने चष्मा काढला आणि रडायला लागली. तोंडावर हात नाही, पदर नाही, बसल्या जागी, लहान मूल रडतं तशी. मी तिला रडू दिलं. मला तिच्या थोबाडीत मारावंसंही वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. शेवटी जवळ घेतलं.

डोळे पुसून तिने चष्मा घातला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "थांबा. शेवटी पाच आत गेलेत. माझ्याशिवाय पाच. मग मी बघितले तेव्हा चौघं कसे होते?"

तेव्हा मला मानसीचे सहा आठवले.

शुभाने शोधलं. पाच जणांची नोंद झाल्यावर थोड्याच वेळात त्यातलं एक नाव रद्द झालं होतं. सुलोचना साटम. आई. त्या रविवारी शुभाने यादी उघडली होती ती स्वतःचं नाव शोधायला; सासूचं नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिने मानसीला फोन लावला. मी काही म्हणायच्या आत बोट बटणावर गेलं होतं, फोन स्पीकरवर.

"मानसी, मी शुभा."

"बोला वहिनी." आवाज असा कोरडा की मलाही शेजारी बसून टोचला.

"माझी चूक झाली. मी नाव बंद नव्हतं केलं. मी आधीच एकटीची नोंद टाकून ठेवली होती. म्हणून तुमची अडत होती. मला माहीत नव्हतं तुम्ही..."

मग मानसी म्हणाली, "एक फोन करायचा होता ना हो."

"हो."

"मीसुद्धा करायला हवा होता," मानसी म्हणाली. "माझंपण डोकं फिरलं होतं."

"आईंचं नाव का काढलं?"

"आम्ही कुठे काढलं? त्यांनीच काढायला लावलं. देवेशने तुमचं नाव काढलं ते त्यांच्यासमोर. त्या म्हणाल्या, तिचां नाव काढलंस तर माझांय काढ. ऐकेचनात. तेव्हापासून आमच्याशी धड बोलत नाहीत. आम्ही दोघं कामावर आहोत वहिनी, पोरं शाळेत. त्या घरी एकट्याच असतील. तुम्हीच जा."

आईंचं वय ऐंशीच्या पुढे. गावच्या त्या घरातल्या गणपतीला त्या लग्न होऊन आल्यापासून सुतक आणि लॉकडाऊन सोडता कधी चुकल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी जमेल की नाही, कुणी सांगावं. आणि त्यांनी एका वाक्यात ते सोडून दिलं होतं, जिने काही वर्षं धड तोंडही दाखवलं नव्हतं अशा सुनेसाठी. आणि तेही तिला न कळवता.

शुभाने ऑफिसला काहीतरी कळवलं आणि लॅपटॉप बॅगेत टाकला. आम्ही दोघी भांडुपला निघालो. मी नको म्हणत होते, सासू-सुनांच्या मध्ये माझं काय काम? पण तिने हात सोडला नाही.

दार उघडंच होतं. आई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. त्यांनी मान वळवून शुभाकडे पाहिलं.

"इलंस?" एवढंच म्हणाल्या.

शुभा त्यांच्या पायाशी खाली बसली. मला वाटलं ती ॲपचं सगळं समजावून सांगेल, गठ्ठा, क्रमांक, नोंद. ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हाला मी नको."

"आणि माका वाटलां, तुका आमी नको," आई म्हणाल्या. "राजेश गेलो, तेच्यामागसून तुया गेलंस." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. आवाज नसलेल्या मालिकेत कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं. माझे डोळे भरून आले म्हणून मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

मी बाहेर आले तेव्हा शुभाने लॅपटॉप पलंगावर उघडला होता. देवेशची नोंद मुलुंडच्या गाडीत होती, आणि तिथली आईंची जागा अजून रिकामीच होती. घरं अख्खी बसतात, त्यामुळे सुटी उरलेली एक जागा कुठल्याच घराला पुरत नाही. प्रत्येक गाडीत अशी एखादी राहिलेली होती. "तुमचं नाव परत देवेशच्या नोंदीत घालते," शुभा म्हणाली. "मुलांबरोबर जाल. मी घाटकोपरच्या गाडीतून येते मागून. गावात भेटूच."

"तू कोणाबरोबर?"

"मी एकटीच. माझी नोंद वेगळी आहे."

"दाखव."

शुभाने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. आईंना वाचता येतं, चौथीपर्यंत शिकल्यात. त्यांनी बोट ठेवून वाचलं. घरप्रमुख, शुभा राजेश साटम. माणसं, एक. बोट तिथेच राहिलं.

"ह्यां घर?"

"हो."

"येकाच माणसाचां?"

शुभाने मान हलवली.

"थय चौघां आसत," आई म्हणाल्या. "हय तू एकटीच. माका हय घाल."

"आई, त्या गाडीत मुलं नसतील. मी एकटीच तुमच्याबरोबर. रात्रभराचा प्रवास, तुम्हाला..."

"घाल म्हटलंय मा?"

घाटकोपरच्या गाडीतही तशी एक जागा उरली होती. शुभाने नाव लिहिलं, क्रमांक टाकला. मग घरप्रमुखाशी नातं विचारणारा रकाना आला. त्यातल्या यादीत पत्नी होती, मुलगा, मुलगी, सून, नातवंडं, आई, वडील, सगळे होते. सासू नव्हती. सून घराची प्रमुख आणि सासू तिच्या घरात, असं आमच्या मंडळात कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं, शुभाच्याही नाही.

"सासू घाल की यादीत," मी म्हटलं. "तुला काय, दोन मिनिटांचं काम."

"राहू दे," ती म्हणाली, आणि तिने आई निवडलं.

मग तिने बटण दाबलं. चक्र फिरलं. आईंनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, नोंद झाली असं स्क्रीनवर आल्यावरही.